17,400 किलोमीटर चाललेली स्नोमोबाईल: एका खरेदीचं प्रकरण

हिवाळ्याच्या मध्यावर माझ्या एका धाकट्या सहकाऱ्याने मला फोटो पाठवला. फोटोत फक्त मीटर होतं: 17,400 किलोमीटर, 430 तास. खाली एकच ओळ, "दादा, घेऊ का?"

गाडी म्हणजे स्नोमोबाईल, पुढे स्की आणि मागे फिरता पट्टा (ट्रॅक) असलेली, बर्फावर चालणारी. 600 सीसीची, दोन सिलिंडरची, टू-स्ट्रोक, डायरेक्ट इंजेक्शनची (इंधन थेट सिलिंडरमध्ये फवारणारी). नऊ हिवाळे एकाच माणसाकडे चाललेली. स्नोमोबाईलच्या हिशेबात हा आकडा मोठाच. हौस म्हणून चालवणारा माणूस एका हिवाळ्यात दीड-दोन हजार किलोमीटर करतो, त्यामुळे जुन्या बाजारातल्या बऱ्याच गाड्या आठ-दहा हजारांच्या आतच असतात. त्याने विचारलं त्या दोन-तीन जणांनी मीटर पाहूनच मान फिरवली होती. "इंजिन संपलेलं असणार" असं त्यांचं म्हणणं. मला ते पटत नव्हतं, पण "घे" म्हणावं इतकीही माहिती हातात नव्हती.

यात किंमत कुठल्याही चलनात सांगण्याचा उपयोग नाही, म्हणून मालकाने मागितलेली रक्कम 100 धरतो आणि बाकीचं सगळं त्याच मापात सांगतो. तशीच नवी गाडी साधारण 380 ला पडत होती. त्याच इंजिनाची चार वर्षं जुनी, 6,000 किलोमीटर चाललेली गाडी 205 ला मिळत होती. सहकाऱ्याची ऐपत गाडी आणि पहिल्या वर्षाची दुरुस्ती मिळून 130 ची. हा 130 चा आकडा मी त्याला पहिल्याच दिवशी कागदावर लिहायला लावला, कारण गाडी समोर उभी राहिली, इंजिनाचा आवाज कानावर पडला आणि दोन-स्ट्रोकच्या धुराचा वास नाकात गेला, की माणसाची गणितं बदलतात.

आणखी एक गोष्ट आधीच ठरवली: गाडी कशासाठी हवी. त्याला हिवाळ्यात आठवड्यातून दोनदा कामाच्या जागी जायचं होतं. एका बाजूचं अंतर 30 किलोमीटर, वाटेत वस्ती नाही. माझ्या लेखी सगळ्या निर्णयाचा कणा हाच होता. स्कूटर बंद पडली तर ढकलत नेता येते. सव्वादोनशे किलोची गाडी मऊ बर्फात बंद पडली, तर ती जागची हलत नाही, आणि गुडघ्याइतक्या बर्फातून उणे वीस अंशात 15 किलोमीटर चालणं म्हणजे जिवाशी खेळ. हौसेच्या गाडीत जो दोष चालवून घेता येतो, तो या गाडीत चालणार नव्हता.

या यंत्राचा जन्मही अशाच अडचणीतून झाला आहे. कॅनडातल्या क्युबेक प्रांतातले जोझेफ-आर्मां बोंबार्दिए यांचा दोन वर्षांचा मुलगा 1934 च्या हिवाळ्यात दगावला. बर्फाने वाट बंद, त्याला दवाखान्यात न्यायला साधन नाही. बर्फावर चालणारं वाहन बनवण्याच्या मागे ते आधीपासून होतेच. 1937 मध्ये त्यांना रबराच्या दातेरी चाकावर फिरणाऱ्या पट्ट्याचं पेटंट मिळालं, आणि 1959 मध्ये एका-दोघांनी बसायची स्की-डू बाजारात आली. आजच्या गाडीच्या पोटात ट्रॅक फिरवणारी दातेरी चाकं असतात, ती मूळ त्याच कल्पनेची. हे इथे सांगितलं, कारण स्नोमोबाईलचा विचार करताना पोचवण्याचा आणि परत आणण्याचा भरवसा पहिला, बाकी सगळं नंतर.

कमी चाललेली दुसरी गाडी

मूळ गाडीकडे वळण्याआधी सहकाऱ्याला दुसरीच एक आवडली होती. पंधरा वर्षं जुनी, कार्ब्युरेटरची, मीटरवर अवघे 3,900 किलोमीटर. किंमत 80. कागदावर सोनं.

आम्ही गेलो आणि दहा मिनिटांत परत फिरलो. गाडी चार वर्षं शेडमध्ये उभी होती. टाकीचं झाकण उघडल्यावर पेट्रोलऐवजी जुन्या व्हार्निशसारखा वास आला. एअरबॉक्समध्ये उंदराचं घरटं, वायरिंगवर दातांच्या खुणा. ट्रॅकच्या रबरावर वाळलेल्या तळ्याच्या चिखलासारख्या भेगा. टू-स्ट्रोक इंजिनात क्रँकच्या, म्हणजे पिस्टनच्या वर-खाली हालचालीने गोल फिरणाऱ्या दांड्याच्या, बेअरिंगला स्वतंत्र तेलाचं कुंड नसतं. चालताना आत येणारं तेल जेवढं चिकटून राहील तेवढंच त्याचं संरक्षण. उभं करण्याआधी आत स्टोरेज तेलाचा फवारा मारला नसेल, तर दमट हवेने बेअरिंगच्या गोळ्यांवर गंजाचे ठिपके पडतात, आणि एक ठिपका पडला की तिथून बेअरिंग खायला सुरुवात होते. चाललेल्या गाडीची झीज हळूहळू होते आणि दिसते. उभ्या गाडीची झीज इंजिन उघडल्याशिवाय दिसत नाही. कमी किलोमीटर ही तिची जमेची बाजू म्हणून मी मोजलीच नाही.

फोर-स्ट्रोकचाही विचार झाला. ती इंजिनं फार टिकतात, तेल कमी खातात, आवाज कमी. पण वजन जास्त, आणि एकटा माणूस मऊ बर्फात रुतला तर तेच वजन त्याला उचलायचं. यामाहाने 2003 च्या मॉडेलपासून आरएक्स-1 ही गाडी आणून फोर-स्ट्रोकला मोठी चालना दिली, पण 2023 मध्ये त्यांनीच स्नोमोबाईलचा धंदा आवरता घेत असल्याचं जाहीर केलं. 130 च्या आत जी फोर-स्ट्रोक मिळत होती, ती आणखी जुनी होती. तो मार्ग तिथेच सोडला.

वही

17,400 वाल्या गाडीचा मालक वयस्कर, कमी बोलणारा गृहस्थ. हिवाळ्यात रोज कामावर जायला त्याने ही गाडी वापरली होती. आम्ही काही विचारायच्या आत त्याने हातात एक वही ठेवली. तेलकट बोटांनी कोपरे काळे झालेली, पेन्सिलने लिहिलेली. तारीख, किलोमीटर, काय केलं.

बेल्ट दर चार-पाच हजारांनी नवा. 8,000 ला शॉक ॲब्सॉर्बर उघडून तेल आणि सील बदललेले. 9,800 ला ट्रॅक नवा. 11,200 ला पिस्टन, रिंगा, गॅसकेट. चेनकेसचं, म्हणजे ट्रॅककडे ताकद नेणाऱ्या साखळीच्या पेटीचं, तेल दरवर्षी. प्रत्येक उन्हाळ्याआधी इंजिनात तेलाचा फवारा, त्याची वेगळी खूण. 17,400 ला 430 ने भागलं तर ताशी सरासरी 40 किलोमीटर येते. म्हणजे तासन्‌तास नुसतं उभ्या-उभ्या सुरू ठेवलेलं किंवा भाड्याने देऊन पिळलेलं इंजिन नाही; ठरलेल्या वाटेवर बऱ्यापैकी एका वेगाने चाललेलं आहे. ही भागाकाराची युक्ती तासांचं मीटर असलेल्या कुठल्याही जुन्या गाडीला लावून पाहावी, मीटर आणि मालक एकच गोष्ट सांगतात का ते कळतं.

वहीत काय आहे याइतकंच वहीत काय नाही हेही मी पाहत होतो. 12,900 ते 15,300 या टप्प्यात एकही नोंद नव्हती. विचारलं, तर मालकाने लपवाछपवी केली नाही. तो हिवाळा त्याचा हात मोडला होता आणि गाडी पुतण्याकडे होती. दुसरं, पुढच्या क्लचचं, म्हणजे इंजिनाच्या टोकावरच्या क्लचचं, काम कधीच झालं नव्हतं. तिसरं सगळ्यात मोठं.

"पिस्टन बदलले तेव्हा क्रँक बदलला होता का?"

"नाही. हाताला ठीक लागला, म्हणून ठेवला."

म्हणजे वरचा मजला 6,200 किलोमीटरचा आणि पाया 17,400 चा.

इथे मी सहकाऱ्याला थांबवून एक गोष्ट समजावली, कारण पुढची सगळी तपासणी तिच्यावर उभी होती. जुनी टू-स्ट्रोक घेताना सगळे कॉम्प्रेशन, म्हणजे पिस्टन सिलिंडरमध्ये किती दाब बनवतो ते, बघतात. बघायलाच हवं. पण कॉम्प्रेशनचा गेज पिस्टन, रिंगा, सिलिंडर आणि हेडचं गॅसकेट यांच्याबद्दल बोलतो. खाली क्रँकचं बेअरिंग कसं आहे, दोन्ही टोकांची सीलं हवा धरतात का, याबद्दल तो अवाक्षरही काढत नाही. या गाडीत पिस्टन नवे असल्यामुळे आकडा चांगला येणारच होता, आणि तो चांगला आकडा पाहून आपण निर्धास्त होण्याचा धोकाही तितकाच मोठा होता.

कोमट बॉनेट

पहिल्या भेटीत मी बॉनेटवर तळहात ठेवला, तर कोमट. मालकाने आम्ही येणार म्हणून गाडी सुरू करून ठेवली होती. त्याचा हेतू चांगलाच होता, पाहुण्यांना थंडीत ताटकळायला नको. पण थंड इंजिन दोरीच्या पहिल्या दोन-तीन ओढींत सुरू होतं की नाही, सुरू होताना कसला आवाज करतं, हे पाहायची संधी गेली. मी त्याला स्पष्ट सांगितलं, उद्या सकाळी परत येतो, तोवर हात लावू नका. तो हो म्हणाला. जो मालक याला नाही म्हणेल, त्याच्याकडे दुसऱ्यांदा जाऊ नये.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी रात्रभर बाहेर उभी होती. दुसऱ्या ओढीला सुरू झाली. सुरुवातीचा पांढरा धूर दोन मिनिटांत विरळ झाला. आवाजात कडकड नव्हती.

इंजिन गरम झाल्यावर कॉम्प्रेशन घेतलं. दोन्ही प्लग काढून, थ्रॉटल पूर्ण उघडा धरून, सुई वर चढायची थांबेपर्यंत दोरी ओढायची. पहिल्या सिलिंडरला 121 पीएसआय (दाबाचं माप), दुसऱ्याला 117. गेजगणिक आकडा थोडा बदलतो, आणि समुद्रसपाटीपासून उंचावर तो कमीच येतो. दर 300 मीटरला साधारण तीन टक्के. म्हणून नुसत्या आकड्यापेक्षा दोन सिलिंडरांतला फरक महत्त्वाचा. तो दहा टक्क्यांच्या आत हवा, इथे तीन-साडेतीन टक्के होता. एक्झॉस्टचा पाइप सोडून टॉर्चच्या उजेडात पिस्टनची बाजू पाहिली. राखाडी, गुळगुळीत, उभ्या ओरखड्यांचा मागमूस नाही. वरचा मजला पास झाला.

मग बेल्ट काढला आणि पुढचा क्लच दोन्ही हातांत धरून वर-खाली उचलून पाहिला. क्लच क्रँकच्याच टोकावर बसलेला असतो, त्यामुळे तिथे जो ढिलेपणा लागेल तो बेअरिंगचा. आत-बाहेर किंचित हालचाल असते, ती चालते. वर-खाली अजिबात नको. मला वर-खाली काही जाणवलं नाही. सहकाऱ्याला म्हटलं, तू पण बघ. त्यालाही जाणवलं नाही.

त्याच क्लचच्या तोंडावर मात्र बुशची (हलत्या भागाखालच्या झिजणाऱ्या बाहीची) काळी भुकटी साचली होती, आणि रोलर बोटाने फिरवले तर दोन ठिकाणी अडत होते. गोल राहिलेच नव्हते, एका बाजूला सपाट झाले होते. ज्यांनी गिअर नसलेली स्कूटर उघडून पाहिली आहे, त्यांना ही रचना कळेल. तिथेही बेल्ट दोन शंकूंच्या मध्ये चढतो-उतरतो आणि गिअरचं काम करतो. स्नोमोबाईलमध्ये तेच, फक्त ताकद कितीतरी जास्त आणि इंजिन मिनिटाला आठ हजार फेऱ्यांवर. रोलर सपाट झाले की क्लच अडखळत उघडतो, गाडी हिसका देत निघते आणि बेल्ट लवकर जळतो. हे काम निघणारच होतं, पण त्यात भीती नव्हती. किती खर्च येईल ते आधी सांगता येतं.

खालून आणि मागून

पुढचा तासभर गुडघ्यावर बसून. ट्रॅकवर 7,600 किलोमीटर झालेले, दात शाबूत, कडेला तंतू बाहेर आलेले नाहीत, दातेरी चाक जिथे अडकतं त्या खिडक्यांच्या कडाही धड. स्लायडर, म्हणजे ट्रॅक ज्यावरून सरकतो त्या रुळांखालच्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या, झिजेच्या रेषेला टेकल्या होत्या. या पट्ट्यांना वंगण बर्फाचंच. मोकळ्या डांबरावर किंवा टणक बर्फावर चालवलं की त्या तापून वितळतात. स्वस्त वस्तू, घरी बदलता येते. ट्रॅकच्या आतल्या सहा चाकांपैकी दोन बोटाने फिरवल्यावर खरखर करत होती.

मागचा बंपर धरून हळूच उचलला. ट्रॅक जमिनीवरून सुटायच्या आधी गाडीचं धड बोटभर वर आलं. तेवढा ढिलेपणा मागच्या सस्पेन्शनच्या बुशांत. ग्रीस दिलेलं होतं, पण बुशं मूळचीच.

बोगद्याच्या आकाराचा जो ॲल्युमिनियमचा सांगाडा असतो, त्याच्याजवळ मी सगळ्यात जास्त वेळ घालवला. रिव्हेट ढिला झाला की तो चालताना सूक्ष्म हलतो, ॲल्युमिनियम घासून काळी पूड निघते आणि रिव्हेटच्या डोक्यामागे धुराच्या शेपटीसारखा डाग पडतो. कपड्याने पुसून पाहायचं. वंगणाचा डाग पुसला जातो, हा पुन्हा येतो. उजव्या बाजूला, पायदानाच्या मागच्या टोकाला, असे तीन डाग सापडले. पुतण्याच्या हिवाळ्यात गाडी कुठेतरी जोरात आपटली असावी असा माझा अंदाज, मालकाला ठाऊक नव्हतं. सांगाडा वाकलेला नव्हता, दोन्ही पायदानांचं माप घेतलं तर सारखं आलं, रुळांच्या बोल्टांभोवती तडा नव्हता. तीन रिव्हेट हे अर्ध्या दिवसाचं काम. वीस असते तर मी तिथूनच निघालो असतो.

पुढे स्की, बॉल जॉइंट, स्टिअरिंग ठीक. चेनकेसच्या चुंबकी बोल्टला राखाडी लोण्यासारखा थर होता, तो चालतो. तुकडे किंवा टोकदार चकत्या असत्या तर चाललं नसतं. पण चेन ताणायचा स्क्रू शेवटपर्यंत आत गेलेला, म्हणजे चेन लांबली आहे. ब्रेक, हीटरच्या मुठी, दिवे यात सांगण्यासारखं काही नाही. सांगाड्यावरचा नंबर कागदांशी जुळला, गाडीवर कर्जाचा बोजा नव्हता.

पंधरा किलोमीटर

ताजा बर्फ पडला होता, हे आमचं नशीब. या गाडीचं पाणी सांगाड्याच्या पोटातून फिरतं आणि ट्रॅकने उडवलेल्या बर्फाने थंड होतं, त्यामुळे टणक, कोरड्या वाटेवर चाचणी घेतली तर तापमानाचा काटा काय सांगतो त्याला अर्थ नसतो. सहकारी चालवत गेला, मी मालकाच्या दुसऱ्या गाडीवर मागे.

निघताना हिसका होता, क्लचमुळे अपेक्षित. पूर्ण थ्रॉटलला फेऱ्या 7,900 च्या आसपास स्थिर राहिल्या. या इंजिनाला कंपनीने 8,000 सांगितलेले. तापमान ठीक. परत येऊन उभा राहिला, इंजिन नुसतं चालू ठेवलं.

मी वाकून ऐकत होतो. काही सेकंदांनी फेऱ्या हळूच वर गेल्या. थ्रॉटलला हात नाही. तीनशेएक फेऱ्या वाढल्या, थांबल्या, खाली आल्या, पुन्हा वर. मालक म्हणाला, गरम झाल्यावर कधीकधी करते, थंडीमुळे असेल. सहकाऱ्याला तर ते जाणवलंही नव्हतं, तो अजून वाटेवरच्या आनंदात होता.

थ्रॉटलला हात न लावता गरम इंजिनाच्या फेऱ्या चढतात, तेव्हा कुठून तरी जास्तीची हवा आत येत असते. हवा जास्त, इंधन आणि तेल त्या मानाने कमी. थोडी गळती असेपर्यंत गाडी मजेत चालते. गळती वाढली की लांब पल्ल्याला, पूर्ण थ्रॉटलला, त्याच बाजूचा पिस्टन तापून सीझ होतो किंवा त्याला भोक पडतं. आणि ते घडतं ते अंगणात नाही, घडतं तीस किलोमीटरच्या मध्यावर. माझ्या डोळ्यांसमोर तो एकटा उभा राहिला.

मी मालकाला विचारलं, माझ्या खर्चाने मेकॅनिककडे नेऊन क्रँककेसला, म्हणजे क्रँकभोवतीच्या बंद पेटीला, हवेचा दाब देऊन पाहू द्याल का. त्याने थोडा विचार केला आणि हो म्हटलं.

क्लच काढून, हवा आत येण्याची आणि एक्झॉस्टची तोंडं बंद करून, छोट्या पंपाने 6 पीएसआय दाब भरला. एका मिनिटाला एक पीएसआयपेक्षा जास्त उतरता कामा नये, असा धंद्यातला अंदाज. एका सिलिंडरच्या बाजूला सुई जागची हलली नाही. क्लचच्या बाजूला दोन मिनिटांत 6 वरून 3. मेकॅनिकने साबणाचं पाणी ब्रशने क्रँकच्या सीलवर लावलं आणि तिथे, शाफ्टच्या कडेला, मोहरीएवढे बुडबुडे एकामागून एक फुगायला लागले. तिघेही वाकून तेच बघत होतो.

हिशेब

या इंजिनात क्रँकची सीलं केसच्या खाचेत बसवलेली आहेत, म्हणजे बाहेरून ओढून बदलता येत नाहीत. इंजिन खाली उतरवायचं, केसचे दोन भाग करायचे, मगच सील. आणि एवढं उघडल्यावर 17,400 किलोमीटरचा क्रँक तसाच परत बसवणं मला पटणारं नव्हतं. हाताला ढिला लागला नाही, खरं आहे. पण नुसत्या सीलसाठी केस उघडून पुढच्या वर्षी बेअरिंगसाठी पुन्हा उघडायची, म्हणजे मजुरी दुप्पट आणि मधला हिवाळा धाकधुकीत.

100 च्या मापात हिशेब असा मांडला. पुढच्या क्लचचं काम 8, मागच्या सस्पेन्शनची बुशं आणि शाफ्ट 5, चाकं आणि स्लायडर 4, चेन आणि स्प्रॉकेट 4, नवा बेल्ट 3. हे 24. रिव्हेट आम्ही स्वतः करणार. क्रँक, सीलं, गॅसकेट, मजुरी मिळून 33. एकूण 57. शॉक ॲब्सॉर्बर एक वर्ष थांबू शकत होते, ते धरले नाहीत. 130 मधून 57 गेले, उरले 73.

मालक 100 मागत होता. आम्ही त्याला यादी दाखवली, बुडबुड्यांचा फोटो दाखवला आणि 73 पर्यंतच जाऊ शकतो असं सांगितलं. घासाघीस केली नाही. हा आकडा खालून वर नेण्यासाठी ठेवलेला नव्हता, तो हिशेबाने आला होता. तो 90 म्हणाला, मग 85. सहकारी माझ्याकडे बघत होता. त्याला 85 ला घ्यायची होती. "दादा, क्रँक पुढच्या वर्षी करू. हाताला तर ठीक लागतोय."

11,200 ला मालकानेही हेच म्हणून क्रँक ठेवला होता. मी त्याला तेवढंच म्हटलं, की तुझी गाडी गावाबाहेर फेरफटका मारायला हवी असती तर मीही हेच सुचवलं असतं, शनिवार-रविवार जवळपास चालव, लक्ष ठेव, उन्हाळ्यात उघडू. तू आठवड्याला चार वेळा त्या वाटेने एकटा जाणार आहेस. तो गप्प झाला. आम्ही मालकाचे आभार मानून, मेकॅनिकचे पैसे देऊन परत आलो. उरलेला हिवाळा सहकाऱ्याने दुसऱ्याच्या गाडीच्या मागे बसून काढला, आणि माझ्यावर थोडा रुसलेलाही होता.

बर्फ वितळायला लागल्यावर मालकाचा फोन आला. आणखी तिघे पाहून गेले होते. मीटर बघूनच दोघे फिरले, तिसऱ्याला त्याने स्वतःहून सीलबद्दल सांगितलं. हे त्याचं मोठेपण मी विसरणार नाही. सांगितलं नसतं तर ती गाडी 95 ला कुणाच्या तरी गळ्यात पडली असती. 72 ला व्यवहार झाला. वही त्याने गाडीबरोबर दिली.

उघडल्यावर

उन्हाळ्यात इंजिन उघडलं. क्लचच्या बाजूचं बाहेरचं बेअरिंग धुऊन, बोटांत धरून हळू फिरवलं तर एका ठिकाणी वाळूचा कण अडकल्यासारखं लागत होतं. भिंगातून पाहिलं तेव्हा कडीवर खसखशीएवढे दोन खड्डे दिसले. बसवलेलं असताना वर-खाली ढिलेपणा लागला नव्हता, कारण झीज अजून तेवढी झालीच नव्हती. ते आणखी किती चाललं असतं, हजार किलोमीटर की पाच हजार, हे मी सांगू शकत नाही. बाकीची बेअरिंगं स्वच्छ होती. पिस्टन ठेवले, रिंगा नव्या घातल्या. एक जादा गॅसकेट आणि तेलाच्या नळ्या निघाल्या, त्यामुळे 33 चे 36 झाले.

आमच्या नजरेतून एक गोष्ट सुटलीच. पुढच्या हिवाळ्यात चारशे किलोमीटरवर ट्रॅक फिरवणाऱ्या शाफ्टचं, चेनकेसच्या विरुद्ध बाजूचं बेअरिंग ओरडायला लागलं. ट्रॅक ताणलेला असताना तो शाफ्ट दाबून धरलेला असतो, त्यामुळे हाताने हलवून पाहिलं तर घट्टच लागतो. ट्रॅक सैल करून पाहायला हवं होतं, किंवा मागचा भाग उचलून, ट्रॅक मोकळा फिरवून, त्या टोकाला कान लावायला हवा होता. सहकाऱ्याने निघायच्या आधी आवाज ऐकला आणि त्या दिवशी गेला नाही, म्हणून शाफ्ट वाचला. खर्च 4. सगळं मिळून 136, ठरवलेल्यापेक्षा 6 जास्त.

आता गाडी 20,100 किलोमीटरवर आहे. परवा कॉम्प्रेशन घेतलं, 119 आणि 118. गरम झाल्यावर फेऱ्या एका जागी राहतात. वही आता सहकाऱ्याकडे आहे, पेन्सिलही तीच, आणि शेवटची नोंद त्याच्या अक्षरात: शॉक ॲब्सॉर्बर, या उन्हाळ्यात.